हस्ताचा पाऊस, ओढ्याकाठचा दिवस

सकाळी 6.15

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. तळजाईच्या उतारावर कुसळी कमरेएवढी वाढली आहे. काल दिवसभर पावसाचा थेंब नव्हता, तरी गवताच्या बुडाशी हात घातला की माती ओली लागते. दहा पावलांवर गिरिपुष्पाची लागवड सुरू होते. तिथला पाला बाजूला सारला तर खाली जमीन घट्ट, आणि तिच्यावर पाणी धावत गेल्याच्या बारीक रेघा. टेकडी तीच, पाऊस तोच.

पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि खुरट्या झुडपांच्या. हिरवळ चटकन दिसावी म्हणून गेल्या काही दशकांत त्यांच्यावर गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं. झाडं लावली की पाणी मुरणारच, असं आपण गृहीत धरतो. पण उतारावरच्या पाण्याची पहिली धाव मोडतात ती गवताची दाट बुडखी, आणि ती जमिनीच्या अगदी लगत मोडतात. म्हणून कुणी ‘टेकडीवर हजार झाडं लावू’ म्हणालं की मी आधी विचारते, आहे ते गवत राखता येईल का?

समतल चर निम्मेअधिक गाळानं भरले आहेत. फोटो काढून ठेवते, दिवाळीनंतर ते उपसावे लागतील. या अंगाचं पाणी खाली सहकारनगर, अरण्येश्वर करत आंबिल ओढ्याला मिळतं. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो. त्याच्या वाटेवर अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले कात्रजचे तलाव आहेत. पुढे पर्वतीच्या पायथ्याला, आज सारसबाग आहे तिथंही तलाव होता. पाणी शहरात शिरण्याआधी त्याला थांबायला जागा होत्या. त्या तलावांचा हेतू पाणीपुरवठ्याचा किंवा शोभेचा असेल, पण पुराच्या पाण्याला त्यांनी उसंत दिली हेही तितकंच खरं. माझं सगळं काम या उसंतीचं आहे. पडलेलं पाणी पडल्या जागी काही तास थोपवायचं, म्हणजे सगळ्यांचं पाणी एकाच वेळी ओढ्यात पोचत नाही.

सकाळी 8.30

ऑफिसच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून मीही तीच वेळ पाळते. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस जो आकडा देतं, त्याच्याशी माझा आकडा ताडून बघता येतो. दोन्हींत फरक पडतोच. कात्रजला धो-धो कोसळत असताना शिवाजीनगरला ऊन असू शकतं.

पण 24 तासांच्या आकड्यावर माझं भागत नाही. हवामान खात्याच्या व्याख्येत दिवसाला 64.5 मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार पाऊस’ सुरू होतो. तेवढा पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर ओढ्याला कळतही नाही. तोच तासाभरात पडला तर रस्त्यावरच्या दुचाक्या वाहून जातात. म्हणून माझ्या मापकात 0.2 मिलिमीटरला एकदा कलंडणारी छोटी पळी आहे. ती कितीदा कलंडली, हे पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबानं नोंदलं जातं.

हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद साधारण 7 टक्क्यांनी वाढते. पावसाचे दिवस वाढले नाहीत तरी सरी दांडग्या होतात त्या यामुळे. पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आपल्या गावातल्या संस्थेचं हे काम आहे. प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ते लागावं, असं मला मनापासून वाटतं.

हिशेब तसा सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरभराची, म्हणजे साधारण 4,000 चौरस मीटरची सोसायटी गच्ची, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटनं पूर्ण झाकलेली असेल आणि तासाला 50 मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्या तासात गेटाबाहेर दोन लाख लिटर पाणी जातं. वीस टँकर. एप्रिल-मेमध्ये हीच सोसायटी टँकरसाठी रांगेत असते.

सकाळी 9.45

टेकडीच्या पायथ्याची एक सोसायटी. इथं दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात आम्ही 60 चौरस मीटरचं रेन गार्डन केलं आहे. बाग म्हटली की लोकांना उंचवटा, कडेला विटांचा कठडा आणि मधे हिरवळ अशीच अपेक्षा असते. ही बाग खोलगट आहे. एका इमारतीच्या 400 चौरस मीटर गच्चीचे डाऊनटेक पाईप आणि आतल्या रस्त्याचा 200 चौरस मीटरचा तुकडा यांचं पाणी हिच्यात उतरतं. तळाशी खडी, तिच्यावर जाड वाळू, आणि वर माती, वाळू, कंपोस्ट यांचं मिश्रण. ओव्हरफ्लोच्या पाईपचं तोंड मातीपासून 20 सेंटिमीटर वर. म्हणजे 12,000 लिटर पाणी डोळ्यांना दिसेल असं साठतं. माती आणि खडीच्या पोकळ्यांत आणखी आठ-नऊ हजार लिटर मावतं.

माळीमामा आधीच येऊन बसलेत. “ताई, त्या कोपऱ्यातली कर्दळ माजलीय, वाळ्याला दाबतीय.” बरोबर आहे. दोन-तीन गड्डे काढायला सांगते. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती मोकळी ठेवतात, ती मला हवीच आहेत. लव्हाळा मात्र कुणी लावला नव्हता, आपणहून आला. पाण्यात बुडला तरी तगतो, पाणी सरलं तरी तगतो. त्याला उपटू नका म्हणून मामांना मी बजावून ठेवलं आहे. सुरुवातीला त्यांना ते पटत नव्हतं, कारण लव्हाळा म्हणजे तण असंच त्यांनी आयुष्यभर मानलं. आता ते स्वतःच नव्या मजुरांना अडवतात.

पाणी बागेत शिरतं त्या तोंडाशी मी जरा जास्त वेळ बसते, कारण अशा बागा मरतात त्या इथंच. पाईपच्या तोंडाशी दगडांची एक कुंडी केली आहे, पाणी त्यात आपटतं आणि गाळ तिथंच बसतो. आज कुंडीत बोटभर गाळ, वडाची पानं, एक चेंडू आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे निघाले. हे तुकडे जाळीत अडकले की पाणी तुंबतं, तोंडावरून उडी मारतं आणि रस्त्यानं सरळ गेटाबाहेर जातं. लाखभर रुपये खर्चून केलेली बाग मग कोरडी बसते. मामा खुरप्यानं कुंडी साफ करतात. या कामाला सात-आठ मिनिटं लागतात, आणि पावसाळ्यात ते आठवड्याला एकदा झालंच पाहिजे. काँक्रीटचं गटार वर्षातून एकदा साफ करून लोक समाधानी राहतात. बागेचं तसं चालत नाही. तिला माणूस लागतो. कामाच्या अंदाजपत्रकात माळ्याचा पगार धरला नसेल तर मी ते काम घेत नाही.

सकाळी 11.30

आता दुसरी सोसायटी, ओढ्यापासून जवळ. रात्री इथं मीटिंग आहे. त्याआधी जमीन पाणी किती पिते ते बघायचं आहे. दोन ठिकाणी हात-दीड हात खोल खड्डे घेतले. आधी पाणी भरून माती भिजवून घेतली, मग पुन्हा भरलं, पट्टी उभी केली आणि घड्याळ लावलं.

पहिला खड्डा पार्किंगच्या मागे, मुरमात. तासाभरात पाणी वीतभर उतरलं. दुसरा बागेत, बिल्डरनं बाहेरून आणून भरलेल्या काळ्या मातीत. तासाभरात जेमतेम बोटभर. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पहिला पाऊस घटाघट पिते. पण ओली झाली की फुगते आणि भेगा मिटतात. सप्टेंबरात, नेमक्या गरजेच्या वेळी, ती दार लावून बसलेली असते. सोसायटीच्या मंडळींना ‘माती आहे म्हणजे पाणी मुरणार’ असं वाटत होतं. आता त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

मुरमाखालीही आनंदीआनंद नाही. पुणं काळ्या कातळावर बसलं आहे. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी शिरत नाही, ते शिरतं वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. तो थर कुठं दहा-पंधरा फूट असतो, कुठं दोन फुटांवर कातळ लागतो. म्हणून ‘प्रत्येक प्लॉटवर एक शोषखड्डा’ हा सरसकट उपाय मला मान्य नाही. नियमात पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, मिळकत करात सवलतही मिळते, आणि त्यापायी कातळात खणलेले कितीतरी कोरडे देखावे शहरात उभे आहेत. जिथं मुरतं तिथं मुरवावं. जिथं मुरत नाही तिथं नुसतं थोपवून धरावं आणि पाऊस ओसरल्यावर सावकाश सोडावं. पुराच्या दृष्टीनं या दुसऱ्या कामाचं मोल पहिल्याइतकंच आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, “मॅडम, पार्किंगचं पाणी सरळ बोअरमध्ये सोडलं तर? खर्चही कमी.” त्यांना स्पष्ट नाही म्हणते. पार्किंगवर ऑईल सांडतं, टायरची झीज पडते, कुत्र्यांची घाण असते. बोअरमध्ये सोडायचं तर फक्त गच्चीचं पाणी, तेही पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यावर आणि गाळून. एकदा भूजल नासलं की ते आपल्या हयातीत साफ होत नाही.

दुपारी 1.15

डबा खाता खाता काल आलेली एक जाहिरात वाचते. पावसाचं पाणी शोषून धरणारी ‘स्पंज सिटी’ केली की पूर संपले, असं तीत म्हटलं आहे. चीनमध्ये कोंगजियान यू यांनी ही कल्पना लावून धरली, सरकारनं उचलली, आणि पाणथळ जागा परत आणण्याचं मोठं काम तिथं झालं. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. पण जुलै 2021 मध्ये झेंगझोऊ शहरात एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेच्या डब्यांत माणसं बुडाली. स्पंज सिटीची कामं त्या शहरातही झाली होती. इतक्या पावसापुढे कुठलीच बाग टिकत नाही. तेव्हा लागते ती पाण्याला जायला मोकळी वाट, आणि त्या वाटेवर कुणाचं घर नसणं.

दुपारी 2.30

ओढ्याच्या काठावर महापालिकेच्या ज्युनियर इंजिनिअर साहेबांना भेटायचं आहे. तरुण आहेत, दरवेळी बूट घालून ओढ्यात उतरतात. आम्ही दोघं मोरीपाशी उभे राहतो. ओढ्याच्या पात्रातूनच ड्रेनेजची वाहिनी गेली आहे आणि तिची चेंबरं पात्रात मधोमध वर आली आहेत. एका चेंबरला फांद्या, गादीचा कापूस, थर्माकोल आणि निर्माल्याच्या पिशव्या अडकून छातीइतका ढीग झाला आहे. पावसाळ्याआधी नालेसफाई झाली होती. हे सगळं त्यानंतर आलेलं आहे. साहेब फोन लावतात आणि संध्याकाळपर्यंत जेसीबी येईल म्हणतात.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हाच ओढा काही तासांत वस्त्यांत शिरला. अरण्येश्वरला भिंत कोसळून माणसं गेली. त्या रात्रीच्या पावसानं शहर आणि परिसरात 20 हून अधिक जीव घेतले. त्यानंतर ओढ्यालगत सीमाभिंतींची कामं निघाली. ज्यांच्या दारात पाणी आलं होतं त्यांनी भिंत मागितली, आणि ती मागणी चुकीची होती असं मी कधीच म्हणणार नाही.

पण भिंतीबरोबर तळालाही काँक्रीट घालायचा बेत असतो, तिथं मी भांडते. गुळगुळीत काँक्रीटचा खडबडीतपणाचा आकडा, मॅनिंगच्या सूत्रात, 0.013 च्या आसपास धरतात. दगडगोटे आणि झाडोरा असलेल्या ओढ्याचा 0.04. म्हणजे उतार आणि खोली तीच ठेवली तर काँक्रीटमधून पाणी तिप्पट वेगानं धावतं. इथला माणूस सुटतो, आणि खाली दत्तवाडीकडे सगळं पाणी एकदम जाऊन पडतं. ओढा ज्या नदीला मिळतो त्या मुठेला त्याच वेळी खडकवासला धरणाचा विसर्ग आलेला असेल तर ओढ्याला पुढे सरकायला जागाच राहत नाही.

साहेब ऐकून घेतात. मग म्हणतात, “मॅडम, वेग कमी झाला की पातळी वाढणार. तुमच्या ओढ्याला बारा मीटर रुंदी पाहिजे. मला इथं सहा मिळते. कुठून आणू?”

त्यांचं म्हणणं खरं आहे. निसर्गाच्या वाटेनं जायचं तर जागा लागते, आणि शहरात सगळ्यात महाग तीच आहे. वाळुंज, करंज, उंबर यांची काठावर कितीही लागवड केली तरी सहा मीटरचं बारा मीटर होत नाही. झाडांची मुळं काठ धरून ठेवतात, पाणी मावायला मात्र रुंदीच हवी.

आम्ही चालत डाव्या काठाला जातो. तिथं एक सार्वजनिक मैदान आहे, साधारण 3,000 चौरस मीटर. ते ओढ्यापेक्षा उंच आहे, कारण वर्षानुवर्षं कुणी ना कुणी राडारोडा आणून टाकला. मी सुचवते, उजव्या बाजूला घरं आहेत तिथं भिंत राहू द्या. डाव्या बाजूचं मैदान 45 सेंटिमीटर खाली न्या, भराव उचला, काठाला जाळीत भरलेल्या दगडांचे टप्पे करा आणि त्यांत निर्गुडी-वाळा लावा. ओढा भरला की साडेतेरा लाख लिटर पाणी मैदानावर पसरेल आणि दुसऱ्या दिवशी उतरेल. वर्षातले बहुतेक सगळे दिवस तिथं क्रिकेट चालेल. कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 ला दोन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर त्या शहरानं एन्घावेपार्क ही जुनी बाग अशीच खोलगट करून घेतली. तिच्यात आता वीस हजार घनमीटरहून अधिक पाणी मावतं.

“प्रस्ताव तयार करून द्या, मी वर पाठवतो,” साहेब म्हणतात. देईनच. तो मंजूर होईल की नाही हे त्यांच्या हातात नाही, माझ्याही नाही. पण भराव नेमका कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद आज त्यांच्या वहीत झाली, आणि यापुढे तिथं डंपर उभा राहिला तर कुणीतरी विचारेल.

दुपारी 4.20

रोपवाटिकेत. करंजाची रोपं बघितली, वाळ्याचे ठोंब सांगून ठेवले. सिंहगडाकडून आभाळ काळंभोर चढलं आहे. रोपवाटिकेचे मालक म्हणतात, “हत्तीचा पाऊस आहे ताई, लवकर निघा.”

संध्याकाळी 5.40

सकाळच्या रेन गार्डनच्या सोसायटीत येऊन पोचते तोच पहिली सर आदळते. छत्री निरुपयोगी आहे. मी आणि मामा जिन्याच्या तोंडाशी उभे राहतो.

डाऊनटेक पाईप घरघरू लागतात. कुंडीत पाणी फेसाळून येतं, दगडांवरून पसरतं, आणि लव्हाळ्याच्या पायांत शिरून मंदावतं. पहिली दहा मिनिटं बागेत पाणी दिसतच नाही, माती ते पिऊन घेते. मग कडेच्या सखल जागी चकाकी येते आणि हळूहळू सगळा खोलगा भरतो. बाहेरच्या रस्त्यावर मात्र तिसऱ्या मिनिटाला लोट सुरू झाला होता. समोरच्या आवारातून गढूळ पाणी गेटाखालून बाहेर उसळतं आहे. आमच्या गेटातून फक्त गेटाजवळच्या फरशीचं पाणी जातं.

पस्तिसाव्या मिनिटाला ओव्हरफ्लोच्या तोंडातून पाणी आत वळायला लागतं. तोवर पावसाचा खरा जोर ओसरला आहे. मापकावर पाऊण तासाला 41 मिलिमीटर. पाणी शेवटी ओढ्यात गेलंच, पण पस्तीस मिनिटं उशिरा, आणि तेही सगळं नाही. रस्त्यावर मोटारसायकली ढकलणाऱ्या माणसांना ती पस्तीस मिनिटं दिसत नाहीत. मला ती नोंदवहीत लिहिताना फार बरं वाटतं.

मोरीजवळच्या माणसाला फोन लावते. जेसीबी चारच्या सुमारास येऊन गेला होता, चेंबरावरचा ढीग निघाला. पाणी मोरीच्या कमानीखाली दोन फूट आहे.

रात्री 8.15

ओढ्याजवळच्या सोसायटीत मीटिंग. पंधरा-सोळा जण, सगळ्यांचे पाय ओले. प्रश्न नेहमीचेच. डास होतील का? पाणी एक-दोन दिवसांत मुरतं किंवा निघून जातं. डासाला अंड्यातून पंख फुटायला आठ-दहा दिवस लागतात. साप? कचरा आणि उंदीर असतील तर येतील, बाग असो वा नसो. पायाला ओल? खोलगा इमारतीपासून तीन मीटर लांब ठेवू. पार्किंग? एकही गाडी कमी होणार नाही. मागच्या ओळीतले पेव्हर ब्लॉक आणि खालचं पीसीसी काढून खडीवर ग्रास पेव्हर बसवू. तिथं मुरूम आहे, सकाळी बघितलाच.

चेअरमन काकांचा विरोध खर्चाला आहे, आणि तो ते नीट मांडतात. रंगकाम तीन वर्षं रखडलं आहे, लिफ्ट जुनी झाली आहे. मी त्यांना टप्पे पाडून देते. आधी पार्किंगची मागची ओळ, बाग पुढच्या वर्षी.

मग तळमजल्यावरच्या आजी बोलतात. “अहो, 2019 ला आमच्याकडे पाणी ओढ्यातून आलंच नव्हतं. गेटातून आलं. आजही आत्ता तिथूनच आलं, पायरीपर्यंत.” सगळे गप्प. सेक्रेटरी म्हणतात, हो, गल्लीचा रस्ता दरवेळी वरून डांबर टाकून टाकून चढला आहे. आता तो आपल्या आवारापेक्षा उंच आहे.

ही माहिती माझ्या नकाशात नव्हती. मी ओढ्याकडची बाजू बघत होते आणि ह्यांचं पाणी पाठीमागून येतं. गल्लीचं पाणी आत येत असेल तर 60 चौरस मीटरचा खोलगा पहिल्या दहा मिनिटांत भरून जाईल. आधी गेटाशी उंचवटा हवा, आणि गल्लीच्या पाण्याला कंपाउंडच्या कडेनं ओढ्याकडे नेणारी गवती चारी. मागच्या ओळीचं काम त्यानंतर.

तसं सांगते. आजींना विचारते, उद्या सकाळी आठला गेटापाशी याल का, पाणी भिंतीला कुठवर लागलं होतं ते दाखवायला? येते म्हणाल्या. डंपी लेव्हल घेऊन पोराला साडेसातला बोलावलं आहे. गल्लीच्या तोंडापासून गेट, गेटापासून ओढ्याचा काठ, दर तीन मीटरवर लेव्हल काढायची. ते आकडे हातात येईपर्यंत पार्किंगच्या मागच्या ओळीचं कोटेशन थांबवलं आहे.